रेटिनोब्लास्टोमामुळे (लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यातला कॅन्सर) डोळा काढल्यावर कॅन्सर परत येऊ शकतो का? (मुलगी अडीच वर्षांची, नागपूर)

येऊ शकतो, पण गाठ डोळ्याच्या आतच होती तर क्वचित. सगळी मदार काढलेल्या डोळ्याच्या बायोप्सी रिपोर्टवर. तो नीट वाचून घ्या: दृष्टिनसेच्या कापलेल्या टोकाला, मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात किंवा बाहेरच्या पांढऱ्या आवरणात कॅन्सरच्या पेशी सापडल्या का? सापडल्या तर बहुधा केमो सांगतात. नसेच्या टोकाला असतील तर रेडिएशनही. ‘डोळा तर काढला, आता केमो कशाला?’ असं म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांचं ऐकू नका.

परत आलाच तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत, खोबणीत. कृत्रिम डोळा कालपर्यंत नीट बसत होता आणि आता बाहेर ढकलला जातोय, पापणी सुजलीय, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

दुसरा डोळा विसरू नका. आरबी१ जनुकातला दोष जन्मजात असेल तर तिथेही नवी गाठ होऊ शकते, म्हणून भूल देऊन तपासणी चुकवायची नाही. जनुकीय तपासणीचंही विचारा, भावंडं असतील तर नक्कीच. नागपुरात जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि मिहानचं एम्स आहे. दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टसोबत बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) न्या.