उन्हाळ्यात व्यायाम : पाणी किती, कधी आणि मीठ घालायचं का?

प्रश्न : सर, मी जुळे सोलापूरला राहतो, वय ३४. सकाळी सातला विजापूर रोडनं तासभर पळतो. मार्चपर्यंत काही त्रास नव्हता पण एप्रिल लागला आणि घरी आलो की डोकं धरतं, दुपारी ऑफिसात झोप येते. मित्र म्हणतो पाणी कमी पडतंय, पण मला तर घाम फारसा येतच नाही ओ, टी-शर्ट जवळजवळ कोरडा असतो. नक्की किती लिटर प्यायचं ते सांगा ना.

उत्तर : टी-शर्ट कोरडा म्हणजे घाम आला नाही हा हिशोब सोलापुरात चालत नाही. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा एवढी कोरडी असते की घाम अंगावर आला न आला तोच उडून जातो, आपल्याकडं कूलर मस्त गार करतो आणि मुंबईत नुसता दमट वारा मारतो त्याचं कारणही हेच. शरीराला ते बरंच आहे, कारण घाम उडतो तेव्हाच अंग गार होतं, टपटप गळून गेलेल्या घामाचा उपयोग नाही. फक्त किती गेला ते आपल्याला कळत नाही. गडद रंगाचा टी-शर्ट घालून पळा आणि पाठीवर मिठाचे पांढरे डाग पडतात का बघा.

आता लिटरचं. एकच आकडा मी देणार नाही, कारण कुणाला तासाला अर्धा लिटर घाम येतो तर कुणाला दोन लिटर. घरात वजनकाटा असेल तर सोपं आहे. पळायच्या आधी लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा, आल्यावर अंग पुसून परत करा. समजा ७० चे ६९ झाले आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात तर घाम दीड लिटर गेला, म्हणजे तासाला दीड लिटर हा तुमचा त्या दिवसाचा आकडा. वजन २ टक्क्यांहून जास्त, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं १.४ किलोच्या वर उतरलं तर पाणी कमी पडलं समजा. रक्तातलं पाणी घटतं, हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात आणि नेहमीचाच वेग जड जातो. उलट वजन वाढलं तर गरजेपेक्षा जास्त ढोसलंय.

उठल्यावर एक-दोन ग्लास, वाटेत तहान लागेल तसे घोट, आणि घरी आल्यावर गेलेल्या प्रत्येक किलोमागं सव्वा ते दीड लिटर, पण एका दमात नाही, दोन-तीन तासांत जेवणाबरोबर. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि मीठ घातलेलं ताक असेल तर मिठाची सोय झालीच, त्यासाठी महागडी बाटली कशाला. आणि सातला कशाला निघताय, एप्रिलमधे साडेपाचला निघा आणि सुरुवातीला दहा-बारा दिवस वेग कमी ठेवा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, मग घाम लवकर सुरू होतो आणि त्यातलं मीठही कमी होतं. एवढं करूनही डोकं धरत असेल तर डॉक्टरांना दाखवा, प्रत्येक डोकेदुखी पाण्याची नसते.

प्रश्न : भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. ग्राउंडवर सगळे सांगतात भरपूर पाणी पी, म्हणून सकाळच्या प्रॅक्टिसला तीन-तीन लिटर पितो, मग मळमळतं आणि डोकं जड होतं म्हणतो. ओआरएस द्यावं का?

उत्तर : ताई, आधी ते तीन लिटर थांबवा. एकदम जास्त साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ आणि डोकेदुखी त्यानंही होते, आणि फार झालं तर फिट येऊन जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधे ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं त्यांना धोका जास्त होता. भरतीची १६०० मीटर धाव पाच-सहा मिनिटांची, त्यात मधे पाण्याची गरजच नाही. दोन तासांची प्रॅक्टिस असेल तर तहानेप्रमाणं प्यावं. घाम खूप जात असेल तर ओआरएस चालेल, पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय का ते बघून घ्या, आणि एका पाकिटाला जेवढं पाणी सांगितलंय तेवढंच घाला. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजानं मूठभर मीठ टाकू नका.

प्रश्न : वय ६३, सिद्धेश्वर तलावाला रोज चक्कर मारतो. बीपीची गोळी आहे, लघवी जास्त होणारी. लिंबू-मीठ पाणी घेऊ का?

उत्तर : काका, अर्ध्या-पाऊण तासाच्या फिरण्याला साधं पाणी पुरतं, मीठ नको. तुमच्या गोळीनं पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर जातं, म्हणून उन्हाळ्यात डोस बदलायचा का हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून गोळी बंद करू नका. चहा एक-दोन कप चालेल, त्यानं अंगातलं पाणी संपतं असं काही नाही.

प्रश्न : आमच्या कबड्डीच्या मैदानावर एक पोरगा भोवळ येऊन पडला, काहीतरी बडबडत होता. सगळे तोंडात पाणी ओतत होते. बरोबर का?

उत्तर : नाही. बडबडतोय, शुद्ध हरपतेय म्हणजे उष्माघात धरायचा, अशा वेळी पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं हे कबूल, तरी मैदानावर दोन बादल्या भरून ठेवायलाच हव्यात. एकानं १०८ लावायचा, बाकीच्यांनी गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही.