वणवा म्हणजे नेमकं काय? आणि ‘वणव्यासारखं पसरलं’ असं कशाबद्दल म्हणायचं?

रानात, माळावर किंवा डोंगरउतारावर लागलेली, कुणाच्या आटोक्यात नसलेली आग म्हणजे वणवा. घर किंवा गोदाम पेटलं तर ती नुसती आग. वणव्याला मोकळं रान लागतं. संस्कृतातला दावानल तो हाच.

आता पसरण्याचं. लग्न ठरल्याची, कुणी पास झाल्याची बातमी ‘वाऱ्यासारखी’ पसरते. ‘वणव्यासारखी’ अफवा पसरते, साथ पसरते, असंतोष पसरतो; जे जाताना मागे काहीतरी जाळून जातं, ते. आनंदाची बातमी वणव्यासारखी पसरली असं वाचलं की मला खटकतंच, कारण वणवा मी जवळून पाहिलाय.

ऊन तापायला लागलं होतं. डोंगराच्या पायथ्याकडून धूर दिसला, तसे आम्ही काही जण हिरव्या फांद्या तोडून धावलो. सोबत जाणती माणसं होती म्हणून निभावलं. त्यांनी पहिल्यांदा बजावलं ते हेच, की आगीच्या वरच्या अंगाला कुणी थांबायचं नाही. चढावर ज्वाळा पुढे झुकतात आणि वरचं गवत पेटण्याआधीच वाळवून, तापवून ठेवतात. उताराचा कोन १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून आम्ही जळून काळ्या पडलेल्या बाजूने शिरलो आणि कडेकडेने विझवत निघालो. फांदी उंच उचलून आपटायची नाही, त्याने ठिणग्या उडतात. ती दाबून ओढायची. पुढे काही जणांनी गवत खरवडून, खालची माती उघडी करून जाळरेषा काढली होती. तेवढ्यात वारा फिरला आणि ठिणग्या रेषेपलीकडे जाऊन पडल्या. पुन्हा पहिल्यापासून सगळं. सगळं विझलं असं वाटल्यावरही एक जुनं खोड आतून धुमसत होतं, त्यावर अंधारात माती लोटत बसलो. एका झुडपाखाली घरटं होतं, अंड्यांसकट कोळसा झालेलं.

घरी आल्यावर थोरले मामा म्हणाले, “अरे, वणवा आपोआप लागतो. उन्हाने लागतो, नाहीतर बांबूवर बांबू घासून.” हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. मामा माझी उत्तरं वाचतात, म्हणून इथे लिहितोच.

जळालेला पट्टा वर रुंद होता आणि खाली निमुळता होत थेट पायवाटेच्या कडेला येऊन संपत होता, म्हणजे आग तिथूनच वर चढत गेली होती. तिथे बांबूचं एकही बेट नव्हतं, माणसांची ये-जा मात्र होती. वाळकं गवत पेटायला २०० अंश सेल्सिअसहून जास्त उष्णता लागते. नुसत्या उन्हाने जमीन तेवढी कधीच तापत नाही. ऊन गवत वाळवतं, काडी दुसरं कुणीतरी टाकतं. अमेरिकेत सुमारे ८५ टक्के वणवे माणसामुळे लागतात. २०१८ साली कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव ज्या वणव्यात भस्म झालं आणि ८५ माणसं गेली, तो विजेच्या तारांमुळे पेटला होता. २००९ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात एकाच दिवशी पेटलेल्या वणव्यांनी १७३ बळी घेतले. त्यातले काही तुटलेल्या वीजवाहिनीमुळे लागले होते, काही मुद्दाम लावलेले होते. मामांना आकडे पटत नसतील तर महाभारत घ्या. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात दावानलात गेले. नारद युधिष्ठिराला सांगतात, की तो अग्नी धृतराष्ट्राच्याच यज्ञातला होता, याजकांनी तो रानात तसाच सोडून दिला आणि तो पसरत गेला. न विझवलेली आग, दुसरं काही नाही.

आकाशातून पडणाऱ्या विजेने वणवे लागतात, हे मान्य. कॅनडा-अलास्कासारख्या उत्तरेकडच्या निर्जन जंगलांत तर फार मोठं क्षेत्र विजेच्या वणव्यांतच जळतं. काही पाइन वृक्षांच्या शंकूंमधून बी सुटायला आगीची धग लागते, हेही खरं. वनखातं ठरवून, वारा बघून, माणसं उभी करून गवत जाळतं, त्याला मात्र वणवा म्हणत नाहीत. आणि मामांचा आवडता मुद्दा, जाळल्यावर गवत चांगलं येतं. पहिल्या पावसात कोवळे कोंब दिसतात खरे, पण उताराची उघडी पडलेली माती त्याच पावसात वाहून जाते. दरवर्षी जाळलेल्या उतारावर झाडाचं रोप टिकतच नाही.

तेव्हा लिहिताना कारण माहीत नसेल तर ‘वणवा लागला’ लिहा. माहीत असेल तर ‘वणवा लावला’ असंच लिहा, आणि कुणी लावला तेही लिहा. दुःख, भूक, महागाई यांचाही वणवा म्हणतात, ते योग्यच आहे. फक्त वडवानल हा शब्द त्या जागी वापरू नका, तो समुद्रातला अग्नी.