क्लबचा घोटाळा उघड झाला तर चाहते क्लब सोडतात का? एका युव्हेंटसवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे की एखाद्या फुटबॉल क्लबचा भ्रष्टाचार उघडकीला आला तर त्याचे चाहते त्याला सोडतात का, आणि सोडत नसतील तर त्यांना लाज कशी वाटत नाही.

सोडत नाहीत. लाज वाटते, पण ती फार टिकत नाही. काही आठवड्यांत तिच्या जागी राग येतो, आणि तो ज्याने उद्योग केले त्याच्यावर नसतो, ज्याने शिक्षा दिली त्याच्यावर असतो. मी इटलीतल्या ट्यूरिनच्या युव्हेंटस क्लबचा चाहता. १९९८ च्या वर्ल्डकपनंतर हा झिदान एरवी कुठे खेळतो ते शोधता शोधता जडलेलं हे व्यसन, त्यामुळे मला तटस्थ वगैरे समजू नका. पण तुम्ही विचारताय ते मी आतून पाहिलेलं आहे, एकदा नाही, दोनदा.

पहिली वेळ २००६ ची. मे महिन्यात इटलीच्या वर्तमानपत्रांत फोनवरची संभाषणं छापून यायला लागली. एका बाजूला युव्हेंटसचे सरव्यवस्थापक लुचियानो मोज्जी, दुसऱ्या बाजूला पंचांच्या नेमणुका करणारे अधिकारी. तेव्हा इटलीत कोणत्या सामन्याला कोण पंच हे ठरवण्यात दोन माणसांचा शब्द चालायचा, पैरेत्तो आणि बेर्गामो. ऑगस्ट २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत स्वीडनच्या युरगॉर्देन संघाने युव्हेंटसला २-२ असं रोखलं, जर्मन पंचाने आमच्या मिकोलीचा एक गोल नाकारला, आणि मोज्जींनी पैरेत्तोंना फोन लावून झाडलं. पुढे मैत्रीपूर्ण सामन्यांना कोण पंच हवेत याचीही बोलणी झाली. मैत्रीपूर्ण सामन्यांना! ज्या सामन्याचा निकाल दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहत नाही, तिथेसुद्धा आपला माणूस हवा. आणखी एका फोनवर रेज्जिना संघाविरुद्ध हरल्यानंतर आपण पंचाला खोलीत कोंडलं अशी बढाई मोज्जींनी मारली. त्या पंचाने तसं काही झालं नाही असं सांगितलं, पण मला विचाराल तर कोंडण्यापेक्षा ती बढाईच जास्त वाईट.

११ मे रोजी संचालक मंडळाने राजीनामे दिले. १४ मे रोजी संघ लीगमध्ये ९१ गुण मिळवून पहिला आला आणि त्याच दिवशी मोज्जींनी पद सोडलं. मग वर्ल्डकप. ९ जुलैला बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात इटली आणि फ्रान्स दोन्हीकडून मिळून युव्हेंटसचे आठ खेळाडू मैदानात उतरले, आणि त्यानंतर पाच दिवसांत क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकलल्याचा निकाल आला. २००४-०५ आणि २००५-०६ ही दोन्ही विजेतेपदं काढून घेतली. पहिलं कुणालाच दिलं नाही, दुसरं मिलान शहरातल्या इंटर या आमच्या प्रतिस्पर्धी क्लबला दिलं. वर उणे ३० गुणांचा दंड, जो अपिलात १७ वर आणि शेवटी ९ वर आला. कान्नावारो आणि एमर्सन रेआल माद्रिदला गेले, थुराम आणि झांब्रोत्ता बार्सिलोनाला. इब्राहिमोविच आणि व्हिएरा इंटरला गेले आणि ते जास्त लागलं.

आता चाहत्यांचं काय झालं ते सांगतो.

पहिले काही दिवस खरोखरच तोंड लपवायला जागा नव्हती. विरोधक आम्हाला कित्येक वर्षं चोर म्हणत होते. १९९८ च्या एप्रिलमध्ये इंटरच्या रोनाल्दोला आमच्या युलियानोने पेनल्टी क्षेत्रात आडवं केलं आणि पंचाने काही दिलं नाही, तेव्हापासून तर रोजच. आम्ही त्याला जळफळाट म्हणायचो. इथेच एक गोष्ट लक्षात घ्या: ज्याला रोज उठून चोर म्हटलं जातं त्याला खरा पुरावा समोर आला तरी तो त्याच आरडाओरड्याचा भाग वाटतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली की पंच विकला गेलेला, आपल्याला दिली की पंचाला फुटबॉल कळतं.

त्यानंतर आला तो प्रश्न, ज्याच्यावर युव्हेंटसचा चाहता अजून जगतोय: आम्हीच का?

हा प्रश्न खोटा असता तर सगळं सोपं होतं. तो अर्धा खरा आहे. फिओरेंतिना आणि लाझियो या क्लबांनाही पहिल्या निकालात खाली ढकललं होतं, अपिलात ते वरच राहिले. मिलान क्लबचे गुण कापले, तरी ते चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत खेळले आणि २००७ मध्ये ती स्पर्धा जिंकलेसुद्धा. क्रीडा न्यायालयाने अमुक एक सामना विकत घेतला असं कुठेही म्हटलं नाही. पंच नेमणाऱ्यांशी असलेली जवळीक, त्यातून तयार झालेला दबाव, या सगळ्याची बेरीज करून शिक्षा दिली. आणि आमच्याच वकिलाने, चेझारे झाक्कोने यांनी, सुनावणीत दुसरी श्रेणी आणि गुणांचा दंड ही शिक्षा चालू शकेल असं सांगितलं. चाहत्यांनी मोज्जींना माफ केलं, झाक्कोनेंना केलं नाही. यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

चाहते नुसते चिडून बसले नाहीत. त्यांनी संघटना काढली, न्यायालयात अर्ज केले, आणि हजारो फोन संभाषणांची कागदपत्रं ओळ न् ओळ वाचून काढली. असं काम पगारी माणूसही करणार नाही. त्यातून आणि मोज्जींच्या बचाव पक्षाच्या खटपटीतून इतर क्लबांची संभाषणं बाहेर आली, इंटरचीही. जुलै २०११ मध्ये इटलीच्या फुटबॉल महासंघाचे फिर्यादी पालाझ्झी यांनी लिहिलं की इंटरच्या तेव्हाच्या पदाधिकाऱ्यांचं वर्तनही नियमभंगात बसतं, पण मुदत उलटून गेल्यामुळे कारवाई होऊ शकत नाही. महासंघाने इंटरला दिलेल्या विजेतेपदाला हात लावायला नकार दिला. तेव्हापासून ट्यूरिनमध्ये इंटरवाल्यांना ‘मुदतबाह्य’ अर्थाची शिवी मिळते आणि ते विजेतेपद पुठ्ठ्याचं ठरतं. मजा म्हणजे मोज्जींचा नापोलीतला फौजदारी खटलाही तसाच संपला. २०११ मध्ये पाच वर्षं चार महिने, अपिलात दोन वर्षं चार महिने, आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च पातळीवर बहुतेक आरोप मुदत संपली म्हणून निकाली. इंटरची मुदत संपली तर ते दोषी, मोज्जींची संपली तर ते निर्दोष. हे माझ्या क्लबच्या लोकांनी मला अगदी गंभीर चेहऱ्याने समजावलेलं आहे.

यात क्लबनेही तेल ओतलं. २०१० मध्ये आंद्रेआ आन्येल्ली अध्यक्ष झाले. ते १९२३ पासून क्लब सांभाळणाऱ्या घराण्यातले, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे घरच्यांचा शब्द. २०११ मध्ये नवं स्टेडियम उघडलं तेव्हा त्यावर काढून घेतलेली दोन धरून २९ विजेतेपदं मिरवली, अधिकृत आकडा २७ असताना. पुढच्या वर्षी लीग जिंकल्यावर जर्सीवर ‘मैदानावर ३०’ अशी ओळ छापली. मग महासंघावर ४४ कोटी युरोंहून अधिक भरपाईचा दावा, जो २०१६ मध्ये रोमच्या प्रशासकीय न्यायालयाने फेटाळला. एवढ्या सगळ्यात क्लबने चाहत्यांना काय शिकवलं? की हिशेब आपण ठेवायचा, निकाल कुणी का देईना.

खरं सांगायचं तर २००६-०७ चा दुसऱ्या श्रेणीतला हंगाम हा माझा सर्वात आवडता. बुफॉन, देल पिएरो, नेद्वेद, त्रेझेगे, कामोरानेसी राहिले. वर्ल्डकप जिंकलेला गोलरक्षक ९ सप्टेंबरला रिमिनीत सामना १-१ असा बरोबरीत सोडवत होता. दिदिए देशाँ प्रशिक्षक होता, देल पिएरोने २० गोल मारले, उणे ९ पासून सुरुवात करून ८५ गुणांवर संघ पहिला आला. मी तरी हे सामने बघू शकत नव्हतो, इंटरनेटवर आकडे बदलताना पाहायचो. लोक म्हणतात वाईट काळात साथ देणं म्हणजे निष्ठा. असेल. पण मला वाटतं ते आमच्यासाठी सोयीचंही होतं. शिक्षा भोगतोय म्हटल्यावर गुन्ह्याबद्दल बोलायची गरज उरत नाही. त्या हंगामाने आम्हाला जवळजवळ हुतात्मे केलं.

म्हणूनच दुसऱ्या वेळी काय होणार हे मला आधीच कळलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आन्येल्लींसह संचालक मंडळ बाहेर पडलं. आरोप या वेळी हिशेबवह्यांचा होता. दोन क्लबांनी खेळाडूंची अदलाबदल करायची, दोघांचीही किंमत फुगवून लावायची. रोख फारशी हलत नाही, पण विक्रीचा नफा दोघांच्याही ताळेबंदात त्याच वर्षी दिसतो आणि खरेदीचा खर्च मात्र कराराच्या चार-पाच वर्षांत पसरतो. २० जानेवारी २०२३ रोजी युव्हेंटसचे १५ गुण कापले. त्याच प्रकरणातले बाकीचे क्लब सुटले. महासंघाचं म्हणणं, युव्हेंटसबाबत ट्यूरिनच्या फिर्यादींकडून आलेले फोन आणि कागद दाखवतात की ही एखाददुसरी चूक नव्हती, पद्धत होती. चाहत्यांचं म्हणणं, टाळी एका हाताने वाजते का? अदलाबदल दोघांनी केली तर दोषी एकच कसा?

प्रश्न चांगला आहे, मीही विचारला. पण त्या आठवड्यात चाहत्यांनी केलं काय? समाजमाध्यमांवर मोहीम काढून सामने दाखवणाऱ्या स्काय आणि दाझन यांची वर्गणी रद्द करायला सुरुवात केली. ज्यांनी ताळेबंद फुगवला त्यांच्या दारात कुणी गेलं नाही, ज्यांनी सामने दाखवले त्यांचे पैसे बंद. राग समजतो, त्यातली अक्कलही समजते, कारण दूरचित्रवाणीचा पैसा सगळ्या लीगला लागतो आणि युव्हेंटसचे चाहते इटलीत सर्वांत जास्त. फक्त पत्ता चुकला. एप्रिलमध्ये १५ गुण परत मिळाले, मेमध्ये फेरनिकालात १० कापले, संघ सातवा आला आणि युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, एका हंगामासाठी युरोपच्या स्पर्धांबाहेर ठेवलं. क्लबच्या जुन्या संचालकांना त्या हिशेबवह्यांचं काय केलंत हे विचारणारा फलक मला तरी दिसला नाही.

आणि हे फक्त आमचंच नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल युव्हेंटसवालेच तसले. फ्रान्सच्या मार्से क्लबचं बघा. २० मे १९९३ रोजी व्हालांसिएनविरुद्धचा सामना सोपा जावा म्हणून व्हालांसिएनच्या खेळाडूंना मार्सेकडून पैसे देऊ केले गेले. सहा दिवसांनी मार्सेचा मिलानशी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता आणि आपले खेळाडू दुखावू नयेत हा हेतू. अडीच लाख फ्रँक एका खेळाडूच्या नातेवाइकांच्या बागेत पुरलेले सापडले. मार्सेचं फ्रेंच विजेतेपद गेलं, पुढे क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला, अध्यक्ष बेर्नार तापी तुरुंगात जाऊन आले. ज्याने हे सांगितलं तो व्हालांसिएनचा जाक ग्लासमान, त्याला फ्रान्समधल्या मैदानांवर चाहते हुर्यो करत राहिले. १९९५ मध्ये फिफाने त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला, तो निराळा. आणि तापी ऑक्टोबर २०२१ मध्ये वारले तेव्हा त्यांची शवपेटी व्हेलोद्रोम स्टेडियमवर आणली आणि चाहते निरोप द्यायला आले. कारण सरळ आहे, त्या माणसाने त्यांना युरोपचा चषक दिला आणि तो चषक काढून घेतला गेला नाही.

तेव्हा लाजेचं विचाराल तर चाहत्याला लाज चोरीची वाटत नाही, हिरावलं जाण्याची वाटते. विजेतेपद मोज्जींचं नव्हतंच त्याच्या लेखी, ते त्याचं होतं. ते कुणी काढून घेतलं की त्याच्या दृष्टीने चोर तोच. माझा आक्षेप या प्रेमाला नाही. आक्षेप असा आहे की ‘आम्हीच का’ हा प्रश्न इतका जोरात विचारला जातो की ‘आमच्याकडे हे चाललं कसं’ हा दुसरा प्रश्न कधी विचारलाच जात नाही, आणि आमचे पदाधिकारी नेमक्या त्याच आवाजाच्या आड सुटतात. २००६ नंतर तो विचारला असता तर २०२२ चा ताळेबंद कदाचित कुणी वेळेवर उघडून बघितला असता.

राहता राहिला माझा हिशेब, कारण प्रत्येक युव्हेंटसवाल्याला शेवटी तो सांगावाच लागतो. २०२० मध्ये सलग नववं विजेतेपद मिळालं तेव्हा अधिकृत आकडा ३६ झाला आणि क्लबने ३८ साजरे केले. मी ३७ धरतो. २००४-०५ चं गेलं ते गेलं, ते फोन मी वाचलेत. २००५-०६ चा हंगाम मात्र चौकशीचा मुख्य विषय नव्हता, तरी तो काढून मैदानावर तिसऱ्या आलेल्या इंटरला दिला, हे मला आजही पटत नाही. खुर्चीत माणसं तीच होती, हे उत्तर मला ठाऊक आहे, देऊ नका. माझा एक मित्र इंटरवाला आहे, त्याच्या मते ३७ म्हणजे निर्लज्जपणा. ट्यूरिनमधल्या चाहत्यांना तो आकडा म्हणजे फितुरी वाटते.