जनरेटरची केबल आणि नागपूरचं ऊन

प्रश्न: मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत 25 केव्हीएचा थ्री-फेज जनरेटर बसतोय. पॅनेल 35 मीटरवर, केबल भिंतीवरून उघडी जाणार. वायरमन म्हणतो तांब्याची 6 एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर) पुरते, दुकानदार 10 घ्या म्हणतो. कोणाचं ऐकावं?

उत्तर: दुकानदाराचं, आणि यात त्याचा गल्ला भरण्याचा डाव नाही. 415 व्होल्टला 25 केव्हीए म्हणजे फेजमागे सुमारे 35 अँपिअर. त्यावर ब्रेकर, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, 40 चा. केबलची क्षमता या 40 च्या खाली जाता कामा नये. तक्त्यात 6 एमएमच्या पीव्हीसी आर्मर्ड (वरून पोलादी कवच असलेल्या) केबलला हवेत साधारण 39 अँपिअर दिसतात, म्हणून वायरमनला ती जवळपास बसते असं वाटतं. पण तो आकडा 40 अंश हवेचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो; पश्चिमेच्या भिंतीवर 50 धरूनच चला. 50 ला पीव्हीसीची क्षमता 0.82 पट उरते. 6 ची येते 32 वर, 10 ची 52 वरून साधारण 42 वर. म्हणजे 10 सुद्धा जेमतेमच. बजेट असेल तर एक्सएलपीई, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या आवरणाची केबल, घ्या. पीव्हीसीची तार 70 अंशांपर्यंत चालते, हिची 90 पर्यंत. व्होल्टेज ड्रॉप पाच व्होल्टच्या आत राहतो, त्याची काळजी नको. न्यूट्रल मात्र फेजइतकाच जाड हवा. आणि इंजिन थरथरतं, तेव्हा जनरेटरच्या टोकाला शेवटचा तुकडा फ्लेक्झिबल केबलचा ठेवा. आर्मर्ड केबल थेट टर्मिनलला ताणून बांधली की लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) सैल होतो.

प्रश्न: इतवारीतल्या दुकानात 32 चा एमसीबी (छोटा ब्रेकर) फक्त दुपारी पडतो. इलेक्ट्रिशियन 40 चा टाकू म्हणतो.

उत्तर: टाकू देऊ नका. एमसीबी तारेच्या राखणीला असतो. तार तीच ठेवून तो मोठा केला, तर पुढच्या वेळी तारच तापेल. हे एमसीबी 30 अंशांवर जुळवलेले असतात. पत्र्याच्या बंद बॉक्समध्ये दुपारी 50-55 अंश झाले की 32 चा एमसीबी 28-29 लाच पडू शकतो. आधी मेन बंद करून टर्मिनल बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय? मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) तार थिंबलशिवाय, म्हणजे टोकाला धातूची टोपी न लावता, स्क्रूखाली दाबलीय? बहुतेक वेळा तिथेच घोळ असतो. नसेल, तर बॉक्स उन्हाच्या भिंतीवरून हलवा. लोडच वाढला असेल तर तार आणि एमसीबी दोन्ही बदला.

प्रश्न: कळमेश्वरजवळ शेतात 5 केव्हीएचा सिंगल-फेज जनरेटर आहे. वायर शॉर्ट झाली, इंजिन दबलं, पण 25 चा सी-कर्व्ह एमसीबी पडला नाही. खराब आहे का?

उत्तर: एमसीबी ठीक असावा. सी-कर्व्हला, म्हणजे सी प्रकारच्या एमसीबीला, झटक्यात पडायला रेटिंगच्या 5 ते 10 पट करंट लागतो, म्हणजे 125 ते 250 अँपिअर. तुमचा जनरेटर पूर्ण लोडला 22 देतो; शॉर्ट झाला की त्याचं व्होल्टेजच बसतं, एवढा करंट आणणार कुठून? 20 चा बी-कर्व्ह लावा, तो 3 ते 5 पटीला पडतो. वायरही आखूड आणि जाड ठेवा; लांब, बारीक वायरीत शॉर्टचा करंट आणखी घटतो.

प्रश्न: लाइट गेली की दोन्हीकडे पिन असलेली वायर सॉकेटमध्ये घालून जनरेटरवर घर चालवतो. चालेल ना?

उत्तर: अजिबात नाही. मेन स्विच पाडायचा राहिला, तर वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून 11 हजार व्होल्टच्या लाइनवर जाते, आणि त्याच वेळी खांबावर लाइनमन असतो. शिवाय वायरीची मोकळी पिन हातात जिवंत असते ती वेगळीच. न्यूट्रलसकट तोडणारा, एका वेळी मेन किंवा जनरेटर एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच आजच बसवून घ्या.