विजेचे काम शिकायचे तर : पालकांच्या चार प्रश्नांना उत्तरे

दहावीचा निकाल आणि कूलरचा हंगाम नागपुरात जवळपास एकाच सुमारास येतात. विजतंत्री (इलेक्ट्रिशियन) व्यवसायाचा निदेशक म्हणून अनेक वर्षे शिकवल्यामुळे या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत दोन्हींचा उल्लेख असतो. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा दहावी उत्तीर्ण झाला आहे आणि त्याला विजेच्या कामाची आवड आहे. त्याला आयटीआयमध्ये घालावे की अकरावी विज्ञान शाखेत? (मानेवाडा)

उत्तर : अकरावी विज्ञान शाखेत, ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत सोय आहे तेथे, द्वितीय भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्याऐवजी ‘इलेक्ट्रिकल मेंटेनन्स’ हा २०० गुणांचा द्विलक्षी (व्यवसायाभिमुख, ‘बायफोकल’) विषय घेता येतो. सोबत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित राहत असल्यामुळे अभियांत्रिकीची वाट मोकळी असते. आयटीआयमधील विजतंत्री आणि तारतंत्री (वायरमन) हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. विजतंत्रीसाठी विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असावे लागते, तर तारतंत्रीला आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो. विजतंत्री मोटार, ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोल पॅनेल यांत अधिक खोल जातो. तारतंत्रीचा भर वायरिंग, केबल आणि लाइनवर असतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करणाऱ्याला पुढे अभियांत्रिकी पदविकेच्या (डिप्लोमा) थेट दुसऱ्या वर्षासाठीही अर्ज करता येतो, त्यामुळे ‘आयटीआयला गेला म्हणजे शिक्षण संपले’ ही समजूत सोडून द्यावी. माझे मत विचाराल, तर बंद पडलेला पंखा मुलासमोर ठेवून पाहा. तो का बंद पडला याचाच विचार करत बसणारा मुलगा अकरावीत रमेल. पक्कड हातात घेऊन तो खोलल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याला आयटीआयला घालण्यात कमीपणा मानू नका.

प्रश्न : माझा १५ वर्षांचा मुलगा सुटीत ओळखीच्या वायरमनबरोबर कूलर दुरुस्तीला जातो. शिकतो आहे, म्हणून जाऊ द्यावे का? (कामठी)

उत्तर : चालू लाइनवरच्या कोणत्याही कामाला त्याला जाऊ देऊ नका. लोखंडी बॉडी, तळाशी पाणी, त्यात बुडालेला पंप आणि ओली फरशी, असे सगळे धोके कूलरमध्ये एकत्र येतात. पंपाच्या वायरचे आवरण पत्र्याच्या कडेवर घासून फाटले की फेज (वीज घेऊन येणारी तार) बॉडीवर येतो आणि अर्थिंग नसेल तर ती बॉडी जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर उभी राहते. अशा वेळी एमसीबी (बोर्डातले आपोआप वीज तोडणारे बटण) पडेल या भरवशावर लोक राहतात, पण १६ अँपिअरची एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असते. माणसाच्या शरीरातून जाणारा प्रवाह त्या मानाने फारच थोडा असल्यामुळे ती पडत नाही, आणि जीव जायला तेवढा प्रवाह पुरतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहातील फरक ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यासाठीच बसवावी लागते. किती घरांत ती आहे, हे आपापल्या घराचा बोर्ड उघडून प्रत्येकाने पाहावे.

दुसरी गोष्ट टेस्टरची. भर उन्हात टेस्टरमधील निऑनचा दिवा पेटलेला दिसतच नाही, आणि मुलगा लाइन बंद समजून हात घालतो. आम्ही वर्गात शिकवतो तो क्रम असा : टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगवर तपासायचा, मग कामाच्या जागी लावायचा आणि पुन्हा त्या चालू प्लगवर तपासून घ्यायचा. यात अर्धा मिनिटही जात नाही, तरीही घाईत सर्वप्रथम हेच गाळले जाते. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) घेतलेले असेल, तर ते बंद करूनही होल्डरमध्ये फेज राहतो. म्हणून मेन स्विचच बंद करावा.

सुटीत मुलाला शिकवायचेच असेल, तर लाकडी फळीवर १२ व्होल्टच्या बॅटरीने एक दिवा एक बटण, मग जिन्याची वायरिंग (एक दिवा दोन ठिकाणच्या बटणांवर) करू द्या. वायर सोलताना आतली तांब्याची तार कापली न जाणे आणि जॉइंट घट्ट बसणे, ही हाताची शिस्त एवढ्यावरही पक्की होते.

प्रश्न : मुलीला विजतंत्री व्हायचे आहे, पण नातेवाईक विरोध करतात. (महाल)

उत्तर : मुलीला प्रवेश अवश्य घेऊ द्या. आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. पॅनेल वायरिंग, मोटार वाइंडिंग आणि चाचणीची कामे बुटीबोरी, हिंगण्यासारख्या औद्योगिक वसाहतींत असतात, आणि महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञही काम करतात.

प्रश्न : आयटीआयचे प्रमाणपत्र मिळाले की वायरिंगची कामे घेता येतात का? (हिंगणा)

उत्तर : लगेच नाही. नवी वायरिंग किंवा जुन्या वायरिंगमध्ये वाढ ही कामे परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करणे नियमाने बंधनकारक आहे. बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारख्या किरकोळ कामांना तेवढी सूट आहे. त्यामुळे प्रमाणपत्रानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या कारखान्यात किंवा वीज कंपनीत साधारण वर्षभर शिकाऊ उमेदवारी करा. त्या काळात विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा होते. मग तारतंत्रीचा परवाना काढा आणि ठेकेदारीचा विचार त्यानंतर करा. मित्राच्या परवान्यावर कामे घेण्याचा सल्ला तुम्हाला अनेकजण देतील; तो मुळीच ऐकू नका, कारण त्या घरात उद्या अपघात झाला, तर जोडणी तुमच्याच हातची असेल.