फोन असताना हातात धरून खेळायचा वेगळा गेमिंग कन्सोल घ्यावा का?

आधी एक सांग, तुझे मित्र काय खेळतात? विश्रामबागेतलं तुमचं सगळं टोळकं बीजीएमआय, म्हणजे फोनवरचा तो लढाईचा गेम, खेळत असेल तर फोनच ठेव. तो गेम निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या कन्सोलवर नाही, आणि सोबतीला कोणी नसलं की नवा कन्सोल कपाटात जातो.

पण गोष्ट असलेले, तासन् तास रमवणारे गेम हवे असतील तर मात्र फोन कमी पडतो. चिपमुळे नाही. अंगठे काचेवर ठेवले की पडद्याचे दोन्ही कोपरे झाकले जातात, आणि बटण बोटाला लागत नसल्यामुळे नजर सारखी खाली वळते. खऱ्या बटणावर बोट आपोआप जातं. सोनीचा व्हिटा हा असाच हातातला कन्सोल फोनच्या लाटेत मागे पडला, 2019 मध्ये बंदही झाला. 2017 साली आलेला निन्टेन्डो स्विच मात्र 15 कोटींच्या वर खपला, त्याचं एक कारण म्हणजे त्यावरचे झेल्डा मालिकेतले मोठे गेम फोनवर मिळतच नाहीत.

स्टीम डेक, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम चालवणारा हातातला कन्सोल, ताकदवान, पण साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास वजन आणि जड गेमला बॅटरी दोनेक तास. सांगलीहून पुण्याची एसटी पकडलीस तर सातारा यायच्या आत संपेल.

आपल्याकडे स्विच आणि स्टीम डेक दोन्ही बहुतेक बाहेरून आणलेले मिळतात. वॉरंटी लेखी घे. जुना घेत असशील तर स्टिकवरचं, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीवरचं, बोट काढून बघ, गेममधलं पात्र आपोआप सरकत असेल तर घेऊ नकोस.

आणि पैसे जमेपर्यंत फोनला ब्लूटूथ कंट्रोलर जोडून खेळ. फक्त गेम कंट्रोलर ओळखतो का, ते आधी तपास.