आगर विकायला निघालंय

प्रश्न : गुहागरला आजोबांनी लावलेलं आमचं आगर आहे. नारळ, पोफळी, त्यांवर चढवलेल्या मिरवेली, जांभ्याचा गडगा, रहाटाची विहीर. वडील मृत्युपत्र न करता गेले. मुंबईचा धाकटा भाऊ आपला हिस्सा रिसॉर्टवाल्याला द्यायला निघालाय. काय करू?

उत्तर : भावाला विकण्यापासून अडवता येणार नाही, पण पहिलं गिऱ्हाईक तुम्ही होऊ शकता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं कलम २२ नेमकं यासाठीच आहे. एक वारस हिस्सा विकू लागला, तर वर्ग १ मधल्या (म्हणजे बायको, मुलं, आई अशा सगळ्यांत जवळच्या) बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क मिळतो. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये दिलाय. किमतीवर एकमत झालं नाही, तर ती न्यायालय ठरवतं. (पत्रात आई-बहिणींचा उल्लेख नाही. असतील तर त्याही याच रांगेत, हे विसरू नका.)

भावाला आजच लेखी कळवा, पोचपावती जपा. माझ्या आजोळी आम्ही ‘बघू गणपतीत’ म्हणत बसलो; पोफळीच्या जागी आता निळ्या फरशांचा पोहण्याचा तलाव आहे.

आणि उद्या वाटप झालंच, तर विहीर, पाट नि पाणंद सामाईक, हे वाटणीपत्रात लिहून घ्या. पाणी तुटलं की पोफळ उन्हाळा काढत नाही.